मध्यरात्रीचं पाणी: खाजनातल्या एका संशयाची कानांनी केलेली तपासणी

फोंडा तालुक्यात कुंभारजुवे कालव्याच्या काठावर एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या माणसावर संशय होता तो अजून तिथेच राहतो. चतुर्थीच्या आधीच्या अमावास्येपासून या गावात कुजबुज सुरू झाली: रात्री बाराच्या सुमाराला खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या भातजमिनीत, पाणी शिरल्याचा आवाज येतो. रोज नाही, काही रात्रीच. आणि त्याच रात्री थोड्या वेळाने मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, बॅटरीचा उजेड हलताना दिसतो. भाद्रपदी पौर्णिमेला तेच पुन्हा झालं, तेव्हा कुजबुजीचं भांडण झालं. कोरगुट हे खाजनातलं भात पोटरीत आलेलं, पाऊस ओसरत चाललेला. अशा वेळी खारं पाणी आत आलं तर दाणा भरत नाही. बांधालगतच्या दोन-तीन तुकड्यांत भात पिवळं पडलंच होतं. लोकांनी ठरवून टाकलं की मानशीचा ठेकेदार रात्री दारं उघडतो.

हा संशय हवेतला नव्हता, हे आधी सांगायला हवं. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. गोव्यात अशी १७-१८ हजार हेक्टर जमीन असल्याचं सांगितलं जातं. बांधात जिथे पाणी आत-बाहेर करायचं तिथे मानस असते: चिऱ्यांचं बांधकाम आणि लाकडी दारं. भरती आली की बाहेरचं पाणीच दारं लोटून बंद करतं. सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी ती ढकलून उघडतं. माणसाचा हात लागत नाही, आणि त्यातच या रचनेचं शहाणपण आहे. सुकतीला पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाला जाळं लावून मासळी धरतात, आणि ती धरायच्या हक्काचा लिलाव होतो. आता ज्याने लिलावात पैसे ओतले त्याला सुंगटं (कोळंबी) जास्त हवीत, म्हणजे खारं पाणी जास्त हवं. कुळांना भात हवं, म्हणजे खारं पाणी नको. हा झगडा गोव्यातल्या अनेक खाजनांत जुना आहे, आणि काही ठिकाणी ठेकेदारांनी खरोखरच दारं उघडी ठेवली आहेत. म्हणून गावकऱ्यांचं गणित चुकीचं म्हणता येत नव्हतं. फक्त ते तपासलेलं नव्हतं. ते आम्ही रेकॉर्डर लावून तपासलं.

वही आधीपासून होती

या प्रकरणात रेकॉर्डर कुठून आले, तर गावातल्या मराठी वाचनालयातून. तिथे उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी 'आवाजांची वही' नावाचा उपक्रम चालला होता. मी तिथे मदतीला जात असे. मुलांनी घराच्या पायरीवर दहा मिनिटं गप्प बसायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं: काय, कुठल्या बाजूने, जवळ की लांब, किती वाजता. घरात बोलणं कोंकणीत, वही मराठीत. त्यामुळे वहीत दोन्ही सुखाने नांदतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या वह्या सारख्याच निघाल्या: पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, कोंबडा, बस, कुत्रे, पलीकडच्या काठावरच्या इगर्जीची (चर्चची) घंटा. मग हळूहळू 'काहीच आवाज नाही' असं जिथे लिहिलं होतं तिथे फ्रिजची घरघर, माडाच्या झावळ्या, विहिरीवरचा पंप येऊ लागले.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीला परिसरातल्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी आवाजांचे काही प्रकार मानले. लक्ष वेधून घेणारे संकेत वेगळे, त्या जागेची ओळख असलेले आवाज वेगळे, आणि तंबोऱ्यासारखे सतत मागे चालू असल्यामुळे ऐकूच न येणारे वेगळे. मुलांना हे तिसरे आवाज शोधायचा नाद लागला. पाण्याचा आवाज या तिसऱ्या वर्गातला आहे. कालव्याकाठी जन्म गेलेल्या माणसाला पाणी ऐकू येत नाही. वेगळं झालं तरच येतं.

या उपक्रमाला मुलांचे आईबाप कसे तयार झाले, त्याला केसरबाई कारणीभूत आहेत. केसरबाई केरकर याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात त्यांची भैरवी आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच तबकडीत पाऊस, लाटा, रातकिडे आणि बेडूकही आहेत, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. केसरबाईंच्या पंगतीला बेडूक बसू शकतो म्हटल्यावर 'पोरं बेडूक कसले रेकॉर्ड करतात' हा प्रश्न मिटला.

सामान साधं होतं. हातात धरायचा एक स्टिरिओ रेकॉर्डर, आणि दोन ऑडिओमॉथ. हे ऑडिओमॉथ म्हणजे काड्यापेटीहून थोडं मोठं, तीन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र. वेळापत्रक लावून दिलं की आपोआप सुरू होतं, आपोआप थांबतं. दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं, ३२ किलोहर्ट्झ दराने. एवढ्याने दिवसाचे दोन जीबीसुद्धा भरत नाहीत, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड पंधरवडाभर पुरतं. पंधरवडाभर पुरणं हे पुढे फार उपयोगी पडलं.

कुजबुज सुरू झाली तेव्हाच वाचनालयाच्या चिटणीसांनी कुळांच्या संघटनेला सांगितलं, "भांडायचं तर भांडा, पण आधी आवाज कधी येतो ते तरी लिहून काढू." संघटनेला ते पटलं असं नाही, रात्री जागरणाला माणसं मिळत नव्हती म्हणून त्यांनी होकार दिला.

यंत्र कुठे ठेवायचं

एक ऑडिओमॉथ मानशीजवळ आणि दुसरं बांधावर बरंच पुढे, बांबूच्या खुंटांना बांधलं. पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. पिशवीने वरच्या पट्टीतले आवाज थोडे दबतात, पण आपल्याला हवा असलेला आवाज खालच्या आणि मधल्या पट्टीतला होता. मुलांना बांधावर नेलं नाही, रात्री तर मोठ्यांनाही पाण्याच्या कडेला जाऊ दिलं नाही. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. या भागात पौष अमावास्येला मांगे थापणी होते, चिखलाची मगर करून पुजतात. खाजनाची राखण मगर करते अशी श्रद्धा आहे. श्रद्धा असो वा नसो, मगर खरी आहे.

ठेकेदाराला आधीच सांगितलं. याला संघटनेतल्या काहींचा विरोध होता: चोराला सांगून पाळत ठेवतात का? पण गुपचूप माणसांचं बोलणं टिपणारं यंत्र बांधावर ठेवणं मला मान्य नव्हतं, चिटणीसांनाही नव्हतं. देवळाच्या सभामंडपात आणि कपेलाजवळ (छोट्या चर्चजवळ) कागद लावला: अमुक जागी रेकॉर्डर आहे, बोलणं सापडलं तर पुसलं जाईल. तसं सापडलंही, एका रात्री दोन माणसांचं पाऊण तासाचं खासगी बोलणं. आवाज ओळखू आले तेवढ्यावरच ऐकणं थांबवून त्या फायली पुसल्या.

सुरुवातीच्या फायली चतुर्थीतल्या होत्या. घराघरांत घुमट या मातीच्या चर्मवाद्यावरच्या आरत्या, साथीला शामेळ आणि कासाळं ही वाद्यं. २०१९मध्ये घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. घोरपडीच्या कातड्यावर बंदी असल्याने आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि म्हाताऱ्यांच्या मते तो नाद राहिला नाही. ऐकायला फायली सुंदर, पाण्याच्या कामाला अगदी निरुपयोगी. खरी नोंद गणपती पोहोचवल्यानंतरच सुरू झाली.

पाणी कसं दिसतं

शेकडो फायली कुणी कानांनी ऐकत बसत नाही. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आवाजाचं चित्र दाखवतं: आडवी रेघ वेळेची, उभी कंपनांची, म्हणजे स्वर खालचा की वरचा याची. वाचनालयातल्या मुली दोन दिवसांत त्यात माझ्यापेक्षा तरबेज झाल्या. रातकिडे म्हणजे वरच्या बाजूला आखलेल्या आडव्या पट्ट्या. बेडूक म्हणजे खाली ठिपक्यांची माळ. पाऊस म्हणजे सगळं पान भरून धूसर. बार्ज गेली की तळाला जाड काळी रेघ, पाच-दहा मिनिटांत विरणारी. (पूर्वी पावसाळ्यात मांडवीच्या मुखाची वाट बंद झाली की खनिजाच्या बार्जी याच कालव्यातून मुरगावला जात. २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ती घरघरही काही काळ थांबली, आणि पहिले काही महिने झोपच लागेना असं एका आजींनी सांगितलं.)

पाण्याचा माग मात्र निराळा. खूप खालच्या नाही, खूप वरच्या नाही, मधल्या भागात एक पसरट डाग, जो अर्ध्या-पाऊण तासात गडद होत जातो, तासभर टिकतो आणि तसाच हळूहळू फिका होतो. वाहत्या पाण्याचा खळखळाट मुख्यतः त्यात अडकणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांतून येतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३मध्ये त्याचं सूत्र दिलं: एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, आणि बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खाली. मानशीची दारं सताड उघडी असतील तर पाण्याचा लोट येतो, मोठे बुडबुडे, धबधब असा खालचा आवाज. फायलींत जो डाग होता तो बराच वर होता. म्हणजे लोट नाही, फटीतून जोराने घुसणारं पाणी. इथे पहिल्यांदा मनात आलं की लोकांनी ऐकलं ते खरं आहे, पण दार उघडल्याचं नसावं. अर्थात दार थोडंसं, काठी घालून किलकिलं ठेवलं तरी असाच आवाज येऊ शकतो. एवढ्यावर कुणाला निर्दोष ठरवता येत नव्हतं.

घड्याळ आणि चंद्र

मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. आवाज काय आहे हे आवाजावरून कळलं नाही, तर तो पुन्हा कधी येतो त्यावरून कळतं. पोदेर, घंटा, देवळातला चौघडा, शेवटची बस ही घड्याळाची माणसं. रोज त्याच वेळी. बेडूक पावसाचे. आणि भरतीशी बांधलेलं काहीही दर दिवशी सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं, कारण चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा. गावाचा युक्तिवाद असा होता: आवाज नेहमी बाराच्या सुमारालाच येतो, आणि काहीच रात्री येतो, म्हणजे माणसाचंच काम.

वरवर हे बिनतोड आहे. त्याचा उलगडा एका निवृत्त होडीवाल्या काकांनी केला, यंत्राला हातही न लावता. वाचनालयात भिंतीवर मुलींनी तारखांचा तक्ता लावला होता. ते म्हणाले, "तारखा कसल्या लिहिता, तिथी लिहा." आणि कोकणपट्टीतला जुना ठोकताळा त्यांनी सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. कालव्यात पाणी आत येईपर्यंत आणखी थोडा उशीर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगावच्या वेळा मिळतात. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर पाऊणपट फार चुकत नव्हती.

तिथी लिहिल्याबरोबर तक्ता बोलू लागला. डाग होता तो पौर्णिमेला आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत, मग अष्टमीच्या आसपास काहीच नाही, मग अमावास्येकडे पुन्हा. म्हणजे उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला येतो, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीला येत नाही. आणि गोव्यात उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्याच आगेमागे पूर्ण होते. भरती रोज सरकते, पण ज्या दिवसांत ती पुरेशी उंच असते त्या दिवसांत ती बाराजवळच असते. त्यामुळे चंद्राचं काम घड्याळाच्या कामासारखं दिसलं.

मग बॅटरीचा उजेड? त्याचंही उत्तर तक्त्यातच होतं. बारानंतर सुकती लागते, आणि सुकती लागली की जाळं लावायला ठेकेदाराची माणसं येणारच. लिलावात त्याचेच तर पैसे दिलेले. आवाज आधी, उजेड मागाहून, हे तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं. फक्त त्या क्रमाकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

तरी संघटनेचे एक ज्येष्ठ सदस्य ऐकेनात. त्यांचा प्रश्न रास्त होता: उधाणालाच मासळी जास्त, मग ठेकेदारही उधाणालाच दार उघडेल की. चंद्र बघून चोरी करायला कुणाची मनाई आहे?

याला उत्तर मिळालं ते दुपारच्या फायलींतून. मुली आतापर्यंत रात्रीच्याच फायली पाहत होत्या, कारण तक्रार रात्रीची. वेळापत्रक मात्र चोवीस तासांचं होतं. उधाणाच्या दिवसांत दुपारी बारा-एकच्या फायलींत तोच डाग, त्याच जागी, तसाच चढणारा-उतरणारा. दुपारी बांधावर गवत कापणारी माणसं होती, मानस सगळ्यांना दिसत होती, दारं बंद होती. मग दुपारी ऐकू कसं आलं नाही? वारा, बस, पंप, चिवचिवाट, सगळ्यांखाली तो दबलेला. रात्री याच्या उलट. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची उबदार राहते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि सपाट खाजनावरून लांब जातो. पलीकडच्या काठावरचं नाटक रात्री आपल्या अंगणात चालल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

बांधावर

दुसरीही गोष्ट चित्रांत होती: मानशीजवळच्या यंत्रापेक्षा पुढच्या यंत्रावर डाग गडद होता. सर्वपित्री अमावास्येनंतरच्या दिवशी, दुपारी, त्या ज्येष्ठ सदस्यांना, ठेकेदाराला आणि आणखी चौघांना घेऊन बांधावर गेलो. हातातल्या रेकॉर्डरला हेडफोन लावले आणि ते त्या सदस्यांच्याच कानांवर दिले. मानशीपाशी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढे चालत राहिले. तीस-चाळीस पावलांवर थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले, आणि म्हणाले, "उदक हांगा आयकूंक येता." पाणी इथे ऐकू येतं.

बांधाच्या आतल्या अंगाला, गवताखाली, पाणी उसळत होतं. कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बांध आरपार पोखरला होता. बाहेरच्या बाजूची बिळांची तोंडं रोजच्या भरतीच्या रेषेच्या वर होती. उधाणाचं पाणीच तिथवर पोचत होतं. सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराला, उधाणं वर्षातल्या मोठ्यांपैकी असतात, म्हणून हा त्रास ऐन भात पोटरीत असताना सुरू झाला.

नवरात्रात बिळं खणून मोकळी केली, चिखल ठासला, बाहेरून चिरे लावले. खर्च संघटनेने केला. ज्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता तिथून तोवर कुणी आलं नव्हतं. कोजागिरीला यंत्रं पुन्हा चालू होती. पुढच्या जागेवरचा डाग गेला होता.

पण मानशीजवळच्या यंत्रावर एक बारीक डाग राहिला, आणि तो मात्र प्रत्येक भरतीला, अगदी अष्टमीलाही. मोठ्या आवाजाखाली तो आजवर झाकला गेला होता. दाराची खालची फळी कुजली आहे, तिच्या फटीतून पाणी झिरपतं. यात कुणाचा डाव नाही, हयगय आहे. आणि फळी बदलायची कुणी, यावर लगेच नवा वाद. लिलावाच्या कागदात 'मानशीची निगा' एवढंच लिहिलेलं. ठेकेदार म्हणतो निगा म्हणजे गाळ काढणं. संघटना म्हणते लाकूडसुद्धा.

माझं मत विचाराल तर या प्रकरणात ठेकेदाराला निर्दोषपणाचा दाखला मिळालेला नाही, आणि तो देणं रेकॉर्डरचं काम नव्हतं. एका रात्री, भांगाच्या भरतीत, सात-आठ मिनिटं धबधब असा खालचा आवाज आणि लाकूड आपटल्याचे ठोके आहेत. वाहून आलेला ओंडका दारात अडकला तरी तसं होतं, कुणी दार उचललं तरी होतं. संघटनेतल्या काहींना ती फाइल सभेत वाजवायची होती. चिटणीसांनी नकार दिला, आणि मला तो योग्य वाटतो. पंधरवड्यांच्या तक्त्यातून जे निघतं त्याला वजन असतं. एका फायलीतून फक्त आरोप निघतो.

भात पिवळं पडलेले ते दोन-तीन तुकडे त्या वर्षी गेलेच. पुढच्या लिलावासाठी संघटनेने अटींचा नवा मसुदा केला आहे: दर अमावास्येला दुपारच्या पूर्ण भरतीच्या वेळी बांध आणि मानस दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून चालून, ऐकून पाहायचे, फळ्यांचा खर्च निम्मा-निम्मा. ठेकेदाराने पहिली अट मान्य केली आहे. दुसरीवर तो अजून सही करत नाही.